बागेचा ठेका आणि घरचा सातबारा



पुणे जिल्ह्यातल्या एका वाचकाचे पत्र समोर आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्यांचा थोरला मुलगा कृषी पदविका झालेला. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांगच लागते. तिथे तीन वर्षे राबून तो काम शिकला आणि आता स्वतःच्या नावाने बागा लावून देण्याचा धंदा करतो. शहरातल्या सोसायट्यांत हिरवळ अंथरायची, झाडे लावायची, ठिबकच्या नळ्या टाकायच्या आणि पुढे वर्षभर निगा राखायची. हाताखाली पाच माणसे, त्यांतली तीन गावचीच.

वाचक लिहितात, "एका मोठ्या सोसायटीचे बारा महिन्यांचे काम मिळते आहे. पण त्यांचा मॅनेजर म्हणतो, आधी विम्याचे कागद आणा. एजंटाने तीन पॉलिसींचे आकडे लिहून दिले आहेत, ते सोबत जोडले आहेत. मुलगा म्हणतो सर्वांत स्वस्त ती घेऊ, कागदच तर दाखवायचा आहे. आपले मत कळवावे."

असे धंदे आता पुष्कळ घरांतली मुले करू लागली आहेत, म्हणून उत्तर खाजगी न देता इथेच देतो.

"कागदच तर दाखवायचा आहे" हे वाक्य मला खटकले. मॅनेजरला कागद कशाला हवा, ते आधी बघा. उद्या बागेत काही घडले तर पैसे सोसायटीच्या खिशातून जाऊ नयेत, तुमच्या मुलाकडून यावेत, एवढ्यासाठी तो कागद मागतो. तो आपल्या मालकांची काळजी वाहतो. मुलाच्या घराची काळजी वाहायला तिथे कोणी बसलेले नाही. ती आपल्यालाच वाहायची आहे.

आता मुलाची फर्म म्हणजे काय? पाटी रंगवली, बँकेत चालू खाते काढले, पावतीपुस्तक छापले, की झाली फर्म. पण कायद्याच्या नजरेत ती फर्म आणि तुमचा मुलगा ही एकच असामी. फर्मचे देणे ते मुलाचे देणे. फर्मजवळ काय असते? दोन गवत कापायची यंत्रे, फावडी, पाईप आणि थोडी उधारी. देणे मोठे निघाले तर बोट जाते ते मुलाच्या नावावरच्या जमिनीकडे, नाहीतर वाटणीत येणाऱ्या हिश्श्याकडे. कामगाराच्या अपघाताच्या भरपाईबाबत तर कायद्यात अशी तरतूद आहे की, ठरलेली रक्कम दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. तलाठी, तहसीलदार, जप्ती हे शब्द आपल्याला नवे नाहीत. म्हणून पॉलिसी निवडताना हप्ता किती हा पहिला प्रश्न नव्हे. कोणती गोष्ट घडली तर सातबारा हलेल, हे आधी विचारा. जिने सातबारा हलणार नाही, ती तूट धंद्यातून सोसता येते.

मुलाला विचारले की तुला सर्वांत जास्त भीती कशाची, तर तो बहुधा सांगेल, झाडे मरण्याची. ते खरेच आहे. शंभर रोपे लावली तर आठ-दहा जातात, आणि मेलेले झाड बदलून देण्याचे करारात लिहिलेले असते. पण त्याचा विमा शोधत बसू नका. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारी पॉलिसी मेलेल्या झाडाचे पैसे देत नाही. ते तुमच्या कामातले उणे समजले जाते. शेतात नांग्या भरतो तसेच हे. नांग्या भरायला लागणारे बियाणे आपण आधीच बाजूला ठेवतो ना? तसा मरीचा हिशेब दरातच धरायचा. आपल्या पीकविम्याच्या भरवशावरही राहू नये. तो अधिसूचित भागातल्या अधिसूचित पिकांचा असतो. सोसायटीच्या आवारात लावलेला गुलमोहर त्यात बसत नाही.

झाडाचे हे असे. माणसाचे तसे नाही.

बागेचे काम दिसायला मऊ. पण नारळावर चढून झावळ्या काढणारा माणूस, विजेच्या तारेखालची फांदी तोडणारा माणूस, तणनाशक मारणारा माणूस हे सगळे ह्याच धंद्यात आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पंप सोसायटीतल्या गुलाबांवर चालवला म्हणून औषध सौम्य होत नाही.

कामावर असताना माणूस दगावला किंवा अपंग झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ पासूनचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. हिशेबाची रीत मात्र जुनीच राहिली. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयाप्रमाणे कोष्टकात दिलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा आहे २०७.९८. पगार १५,००० असेल तर निम्मे ७,५००, आणि गुणाकार होतो १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. म्हणजे १८,७१,८२० रुपये. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला, तर कमाईची शक्ती चाळीस टक्के गेली असे मानतात. त्याचे होतात ७,४८,७२८ रुपये. पैसे महिन्याच्या आत दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड पॉलिसीतून मिळत नाही, तो घरातूनच जातो.

हे आकडे घाबरवायला दिलेले नाहीत. कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या एकेका माणसाचे वय व पगार घालून स्वतः गुणाकार करा. मग कळेल की पहिली पॉलिसी ही घ्यायची. बाजारात तिला अजून जुन्या नावाने डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात.

"आमची माणसे रोजंदारीवर आहेत, त्यांना कुठला कायदा?" असे म्हणणारे भेटतात. चूक आहे. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द २००० साली कायद्यातून काढले गेले. मुकादमाने आणलेल्या माणसांचेही तेच. मुकादमाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. जखमी माणूस मुख्य ठेकेदाराकडे येऊ शकतो. पैसे दिल्यावर मुकादमाकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण मुकादमाजवळ असणार काय? तेव्हा मुकादमाची माणसे पॉलिसीत धरली आहेत का, ते विचारून घ्यावे.

ह्या पॉलिसीचा हप्ता वर्षभराच्या एकूण पगारावर बसतो. मोह इथेच होतो. पाच माणसांऐवजी दोन दाखवली, पंधरा हजारांऐवजी आठ हजार लिहिले, की हप्ता झटकन खाली येतो. एजंट हसून म्हणतो, "कोण बघतंय?" अपघात झाल्यावर सगळे बघतात. कंपनी हजेरीपट मागते, बँकेचे उतारे मागते, आणि जेवढा पगार दाखवला त्या प्रमाणात भरपाई कापते, नाहीतर दावाच नाकारते. उरलेली रक्कम द्यायची जबाबदारी मुलाचीच राहते. हजेरीपट रोजच्या रोज भरावा आणि पगार शक्यतो बँकेतून द्यावा. हे काम घरातल्या सूनबाई उत्तम करतात असे मी पाहिले आहे. मुलगा चिखलात असतो, त्याच्याकडून रोज वही भरली जात नाही.

दुसरे, कामाचे वर्णन. अर्जात नुसते "बागकाम" लिहिलेले असते. माणूस मात्र तीस फुटांवरून पडलेला असतो. उंचावरची छाटणी, यंत्राने गवत कापणे, फवारणी, खोदाई, माल चढवणे-उतरवणे, जे जे करता ते सगळे अर्जात लिहा. हप्ता थोडा चढेल, चढू द्या. तिसरे, दवाखान्याचा खर्च. कायद्याने तो मालकावर आहे, पण पुष्कळ पॉलिसींत तो आपोआप येत नाही, जास्तीचा हप्ता भरून घालून घ्यावा लागतो. घालून घ्यावा. मोडलेल्या पायाला आजकाल किती बिल येते ते तुम्हाला माहीत आहे.

माणसे दहा झाली की कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची नोंदणी बघावी लागते. त्या योजनेत असलेल्या माणसाच्या अपघाताचे लाभ तिथून मिळतात. आज पाच माणसे आहेत, पण काम वाढले की हे दार उघडणारच.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. ही पॉलिसी कामगारांची आहे. त्यात मालक नाही. आणि छोट्या धंद्यात शिडीवर सर्वांत वर मालकच चढलेला असतो! मुलासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांची आहे, ती तर घरातल्या प्रत्येकाची असावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत खातेदाराला आणि कुटुंबातल्या एका सदस्याला अपघाती मृत्यूबद्दल दोन लाखांचे साहाय्य आहे. हे सगळे असावे, पण दोन लाख म्हणजे किती ते वरच्या गुणाकाराशेजारी ठेवून पाहा. शिवाय कामगाराला वीस रुपयांची योजना काढून दिली म्हणून मालकाची जबाबदारी फिटत नाही.

आता तिऱ्हाईताची गोष्ट. तिऱ्हाईत म्हणजे तुमचा कामगार नव्हे, तुम्हीही नव्हे. रस्त्याने जाणारा, सोसायटीत राहणारा, खेळणारे पोर. गवत कापायचे यंत्र फिरत असताना पात्याखाली खडा आला की तो गोळीसारखा सुटतो. यंत्राच्या पुस्तिकेत साधारण पंधरा मीटरच्या आत कोणाला येऊ देऊ नये असे लिहिलेले असते, पण सोसायटीच्या बागेत पंधरा मीटर मोकळे असते कुठे? खडा गाडीच्या काचेवर गेला तर भागले. डोळ्यात गेला तर? तसेच खोदताना कुदळ गॅसच्या नळीवर, विजेच्या केबलवर बसते. रात्री ठिबकची मुख्य नळी निसटून लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरते. ह्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी असते. तिच्यात दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. फक्त मोठा आकडा वाचून खूश होऊ नका. एका अपघाताचा आकडा वाचा.

आणि काय मिळणार नाही तेही वाचा. सोसायटीने तुमच्या ताब्यात दिलेला पंप जळाला, तर ताब्यातली वस्तू म्हणून तो बहुधा वगळलेला असतो. जमिनीखालच्या नळ्या-तारांचे नकाशे आधी मागितले नाहीत, तर त्या नुकसानीवर कंपनी हरकत घेऊ शकते. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मॅनेजर तोंडी म्हणाला म्हणून विनापरवाना झाड पाडले, तर त्याचा दंड कुठलाच विमा भरत नाही. ह्या पॉलिसीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, पुष्कळदा दावासुद्धा पॉलिसीच्या मुदतीत यावा लागतो. मध्ये चार महिने खंड पडला तर मागचे कामही उघडे पडते. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी.

ह्याच संदर्भात सोसायटीच्या कराराचे शेवटचे पान वाचा. "कोणत्याही प्रकारच्या सर्व नुकसानीस ठेकेदार जबाबदार राहील" असे एक कलम तिथे हमखास असते. कायद्याने जेवढे देणे लागते त्यापलीकडचे तुम्ही सही करून अंगावर घेतले, तर त्या जास्तीच्या भागाला पॉलिसी बांधलेली नसते. "ठेकेदाराच्या अथवा त्याच्या माणसांच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीस" एवढे शब्द घालून मागा. पुष्कळ मॅनेजर घालून देतात. मागितलेच नाही तर कोण देणार?

आता ज्या कारणासाठी मी हे पत्र दोनदा वाचले ते. वाचक सहज लिहून जातात, "लाल माती आणि शेणखत आपल्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीने पोचवतो, तेवढाच भाड्याचा खर्च वाचतो. माणसेही त्यातच जातात."

दादा, सर्वांत मोठा धोका इथे आहे. ट्रॅक्टरचा विमा आहे, कबूल. पण कागदावर काय लिहिले आहे? शेतीच्या वापरासाठी. धंद्याची माती शहरात नेणे ही शेती नव्हे. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा लागतो. तो किती घरांत आहे हे सांगण्याची सोय नाही. आणि मातीच्या ढिगावर बसलेली माणसे त्या विम्यात मुळीच धरलेली नसतात. अशा वेळी अपघात झाला तर कधी कधी न्यायालय कंपनीला सांगते की आधी जखमीला पैसे दे आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल कर. जखमीला न्याय मिळतो, ते योग्यच आहे. पण वसुली येते ती ट्रॅक्टर ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात, म्हणजे मुलाच्या नव्हे, तुमच्या. मुलाच्या धंद्यात तुमचा सातबारा नकळत गुंतला तो असा. भाड्याचा मालवाहू टेम्पो सांगा, त्याचा विमा आणि परवाना बघून घ्या, आणि माणसे बसने किंवा रिक्षाने पाठवा. दर खेपेला जे पैसे जातील ते ठेक्याच्या दरात धरा.

यंत्रे, जाळीचे शेड आणि रोपे यांच्यासाठी आगीचा विमा असतो. छोट्या धंद्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आहे, तीत एका ठिकाणची पाच कोटींपर्यंतची मालमत्ता बसते. पिशवीतली जिवंत रोपे "माल" म्हणून धरणार की नाही, एवढे कंपनीकडून लेखी घ्यावे. पण यंत्र चोरीला गेले तर दुसरे घेता येईल, त्याने सातबारा हलत नाही. हे पुढच्या वर्षी केले तरी चालेल.

तर दादा, आपण पाठवलेले तीन आकडे. पहिला स्वस्त आहे, कारण त्यात माणसे दोनच दाखवली आहेत, पगार आठ हजार धरला आहे आणि तिऱ्हाईताचा पत्ता नाही. तो मॅनेजरला दाखवायला पुरेल, आणखी कशालाच पुरणार नाही. तिसरा महाग आहे. त्यात कार्यालयातले फर्निचर, संगणक, तिजोरीतली रोकड, नोकराने केलेली अफरातफर असे सगळे आहे. आपल्या मुलाचे कार्यालय म्हणजे मोटारसायकलची डिकी, असे आपणच लिहिता! तिजोरीचा विमा काय करायचा? दुसरा घ्यावा. त्यात माणसे पाच आहेत, पगार खरे आहेत, तिऱ्हाईताची पॉलिसी जोडलेली आहे. पण तीन गोष्टी वाढवून घ्याव्यात: दवाखान्याचा खर्च, उंचावरची छाटणी आणि मुकादमाची माणसे. एजंट म्हणेल, "ते धरलेलंच आहे." त्याला म्हणावे, पॉलिसीवर टंकून आण. आणि मुलाच्या नावाचा अपघात विमा ह्याच आठवड्यात काढावा.

एजंट नात्यातला असला तरी हप्ता थेट कंपनीच्या नावाने भरा. हप्ता कंपनीला पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असा १९३८ च्या विमा कायद्याचा नियम आहे. चेक परत आला तर पॉलिसी हातात असूनही नसल्यासारखीच. काम सोमवारी सुरू व्हायचे असेल तर आदल्या आठवड्यात पावती हातात हवी. अपघात झालाच, तर आधी दवाखाना, मग लगेच कंपनीला कळवणे. चार दिवस "बघू, मिटतंय का" करण्यात घालवू नयेत. कंपनीने दावा अडवला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, मुंबईतही आहे. एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्याची तक्रार तिथे चालते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आपण ट्रॅक्टरच्या विम्याची प्रत पाठवलीत, ट्रॉलीची पाठवली नाही. ती पाठवावी. सापडत नसेल, तर सापडेपर्यंत ट्रॉली गोठ्याशेजारीच उभी राहू द्यावी.